आईच्या दगडावरचा एक शब्द

लाओदिकेआ,
मोठ्या सणानंतरचा दुसरा रविवार

थोरल्या बहिणीस, डोम्नाताईस, धाकट्या मेनेआसचा नमस्कार.

ताई, ही मेणपाटी मीठ वाहणाऱ्या गुर्दोसच्या हाती देतोय. तो रिकाम्या गोण्या घेऊन मिठाच्या तळ्याकडे निघालाय, सोआत्र्याला खेचरांना पाणी पाजायला थांबेलच. त्याला वाचता येत नाही म्हणून तर लिहायची हिंमत झाली. वाचून झालं की मेण घासून गुळगुळीत कर. विसरू नकोस.

गेल्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सम्राटाचा हुकूम वाचून दाखवला. जे स्वतःला संयमी म्हणवतात, लग्न करत नाहीत, मांस खात नाहीत, गोणपाट नेसतात आणि प्रार्थनेच्या पेल्यात द्राक्षाच्या दारूऐवजी पाणी घेतात, ते सगळे पाखंडी. त्यांना देहान्त. शोधायला माणसं नेमलीत. चुगली करणाऱ्याला कुणी दोष द्यायचा नाही, असंही त्यात लिहिलंय.

नुसता हुकूम असता तर मी म्हटलं असतं, हुकूम येतात आणि जातात. पण आमच्या गल्लीतला लोकर पिंजणारा पापास तुला आठवत असेल. त्याला चौकात आणलं आणि दारूचा पेला पुढे धरला. लोक ओरडत होते, "अरे पी की बाबा, एक घोट! औषध समजून पी!" एक जण म्हणाला, "फुकट मिळतेय तर नाही म्हणतोय, येडा कुठला!" हसले सगळे. त्यानं दात आवळून धरले. दारू दाढीवरून ओघळत छातीवर गेली. दुसऱ्या दिवशी त्याला वेशीबाहेर नेऊन मारलं. त्याची पिंजण अजून दारात पडलीय. तिला कुणी हात लावत नाही, मीसुद्धा नाही.

तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आहे, आईचा दगड. मिठाच्या रस्त्याला लागून उभा, येणाराजाणारा कुणीही वाचेल असा. मीच कोरला ना तो! तेव्हा मी तुमच्यातलाच होतो. आई पालथ्या टोपलीवर बसून सांगत होती, "खोल कोर रे, मेंढ्या अंग घासतात." अम्मिया, संयमी मार्गाची. तिच्याखाली तुझं नाव. मुलगी डोम्ना, संयमी मार्गाची. आणि तुझ्या नावावर, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, "जिवंत". आपल्याकडे दगड एकदाच घेतात, मागून येणाऱ्याचं नाव आधीच घालून ठेवतात, आणि तो गेला की पाथरवट येऊन तेवढा एक शब्द तासून जातो. या काटकसरीचं मला नेहमी कौतुक वाटायचं. आता वाटतं, शोधणाऱ्याला घरोघर फिरायचीसुद्धा गरज नाही. नाव, पंथ आणि माणूस अजून आहे की नाही, सगळं आपणच लिहून रस्त्यावर मांडून ठेवलंय.

आणि सगळ्यात खाली आईचा शाप. "दारू पिणाऱ्या कुणी या दगडाला हात लावला, तर त्याचा आणि त्याच्या लेकरांचा हिशेब देवाशी." तेही मीच कोरलं. पुढे किरिल्लाशी लग्न केलं, बिशपांच्या हातून पेला घेतला, आणि आता ती ओळ माझ्याचसाठी लिहिल्यासारखी वाटते.

ताई, तू इकडे निघून ये. एक रविवार, एक घोट, चार माणसांदेखत. कुणी पुन्हा विचारणार नाही. ते नसेल जमत तर निदान दगडाला चिखल फास. एवढं तरी कर.

तुझा मेनेआस


सोआत्रा,
मेंढ्या कातरायचे दिवस

मेनेआस, तुला आणि किरिल्लाला माझे आशीर्वाद.

तुझी पाटी पोचली. लहानपणी तू शेजाऱ्यांच्या कोंबड्याला घाबरून लांबच्या वाटेनं जायचास, आठवतं? कोंबडा मेला, त्यांनी खाल्ला, तरी तू वर्षभर त्याच वाटेनं जात होतास. तसाच आहेस अजून. अक्षर मात्र सुरेख, एवढ्या भीतीतही एक ओळ वाकडी नाही. मला ती पुसवेना, म्हणून ही दुसरी पाटी घेतली. ओरडू नकोस. चुलीमागे ठेवलीय.

दगडाला चिखल फास म्हणतोस! शहरात राहून विसरलास वाटतं. इथे चिखल करायलासुद्धा पाणी विकत घ्यावं लागतं. परवाच मुखिया मला म्हणाला, "डोम्नाबाई, सोआत्र्यात दारू पाण्यापेक्षा स्वस्त, आणि तुम्ही देवाला पाणी पाजता. तुमचा धर्म श्रीमंतांचा हो!" मी म्हटलं, "मग तू गरिबांच्या धर्मात सुखी राहा, आणि माझा पोहरा भरून दे." माणूस वाईट नाही. त्याची बायको तर माझ्यासाठी मसूर निवडून ठेवते.

आणि चिखल असता तरी आईच्या तोंडाला मी फासला नसता.

घोटाचं म्हणशील तर ते तू मला सांगू नयेस. तुला बाबा आठवत नाहीत, तू कुशीत होतास. मला आठवतात. पैजेवर विहिरीत उतरले, तोंडाला वास होता, वरून लोक हसत होते. चऱ्हाट वर आलं ते रिकामं. इथली विहीर किती खोल ते तुला ठाऊक आहे, पडल्याचा आवाजसुद्धा उशिरा आला. त्या दिवसापासून आईनं त्या वासाला घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, आणि ज्या लोकांच्या पेल्यात पाणी होतं त्यांच्यात जाऊन बसली. लोक म्हणतात, आम्ही देवासाठी पाणी पितो. असेल. मी तर आधी आईसाठी पीत होते, देव मागून आला.

माझ्यासोबत राहणाऱ्या आपल्या मार्गाच्या बाकीच्या बाया तुझी पाटी येण्याआधीच डोंगराकडे गेल्या, मेंढपाळांबरोबर. मी राहिले. मागावर गुर्दोसच्या मिठाच्या गोण्यांचं कापड अर्धं झालंय, ते कोण पुरं करणार? घाबरण्यासारखं इथे काही नाही. दाराला नवा अडसर घालून घेतला, पण तो कुत्र्यांसाठी. अंगावरचा गोणपाटाचा झगा हल्ली बाहेर वाळत घालत नाही, धूळ फार उडते. एवढंच.

गुर्दोस सांगत होता, किरिल्लाला दिवस गेलेत. कितवा महिना? पाचवा ना? तिला जड उचलू देऊ नकोस. मी विणते ते केसाळ कापड बाळाला टोचेल, म्हणून गुर्दोसबरोबर पहिल्या कातरणीची कोकराची लोकर पाठवतेय. धुऊन घ्यायला सांग.

डोम्ना


लाओदिकेआ,
जव कापायला आले

ताई,

लोकर मिळाली. किरिल्ला म्हणाली, "वन्सं आपल्याशी बोलत नाहीत असं वाटायचं मला," आणि लोकर गालाला लावून बसली. तिला मी काही सांगितलेलं नाही. तुझ्या अडसराची गोष्ट वाचून मला हसू आलं नाही. सोआत्र्याच्या कुत्र्यांना मी ओळखतो, ती दार उघडं असलं तरी आत येत नाहीत.

काल शोधक माझ्या दुकानात आला. मी समजत होतो राक्षसासारखा असेल. साधा माणूस, हळू बोलणारा, सर्दी झालेला. धुळीनं शिंका देत माझ्या अर्धवट दगडांवरून हात फिरवत राहिला.

"थडगी तूच कोरतोस?"

"मी आणि आणखी दोघं, सरकार."

"कोण कुठल्या पंथाचा, ते तुम्हा पाथरवटांना बरोबर ठाऊक असतं. लोक पाद्र्याशी खोटं बोलतात. थडग्यावर बोलत नाहीत."

मी म्हणालो, "सरकार, मी अक्षरं कोरतो. वाचत बसलो तर पोट कसं भरेल?"

तो हसला. मग त्याच्या माणसानं बुधल्यातून पेला भरून माझ्यापुढे धरला. ताई, मी दर रविवारी घेतो, मला त्यात काय वाटायचं? पण घुटमळलो तर त्याला संशय येईल म्हणून मी एका दमात पेला रिकामा केला आणि म्हणालो, "अजून आहे का?" सगळे हसले. शोधकानं माझ्या पाठीवर थाप मारली. पापासच्या दाढीवरून ओघळली ती दारू याच बुधल्यातली असणार. तो गेल्यावर मी मागच्या भिंतीशी जाऊन ओकलो.

जाताना तो म्हणाला, "खळी उरकली की मिठाच्या रस्त्यानं जाणार आहे. तिकडच्या गावांत थडगी रस्त्यालगत असतात म्हणे. सोय आहे." ताई, तो खरोखरच तुझं नाव वाचणार आहे.

मी विचार करून करून एक वाट काढलीय. तुझ्या नावावरचा "जिवंत" काढून टाकायचा. एवढा एकच शब्द. बाकी सगळं तसंच राहू दे, आईचंही, पंथाचंही. मेलेल्या पाखंड्याला कोण मारणार? तो वाचेल, मान हलवेल, पुढे जाईल. तू त्या दिवशी नजरेआड झालीस की झालं.

पण काढणार कोण? दुसऱ्या पाथरवटाला सांगावं तर तोच आधी धावत जाऊन सांगेल. उरलो मी. आणि मी दारू पिणारा. ताई, हसू नकोस, मला त्या शापाची शोधकाइतकीच भीती वाटते. माझं एकट्याचं असतं तर चाललं असतं. "त्याच्या लेकरांचा" असं आहे तिथे. आई म्हणाली होती, तो शब्द जरा मोठा काढ.

तू काय म्हणतेस ते लवकर कळव.

मेनेआस


सोआत्रा,
गुर्दोस खेचरांना पाणी पाजतोय तेवढ्यात

मेनेआस,

नाही.

मी मेलेली नाही. आईच्या उशाशी खोटं लिहून ठेवायचं, आणि तेही तिच्याच मुलाच्या हातानं? संयमी माणूस खोटं बोलत नाही, त्याचा दगडही बोलत नाही. शोधक येऊ दे. रस्ता लांब आहे, ऊन आहे, पाणी महाग आहे. कंटाळून अर्ध्यातून परत जाईल.

तू इकडे फिरकू नकोस. नीट ऐक, मी थोरली म्हणून सांगतेय. तू पितोस, आणि तुझी बायको पोटुशी आहे. त्या दगडाला हात लावलास तर आईचा शाप खरा होईल. मी काही करू शकणार नाही. समजलं?

डोम्ना


लाओदिकेआ,
खळी संपत आली

ताई,

मी जाऊन आलो. तू नाही म्हणाली होतीस, तरी गेलो. रागाव, पण आधी सगळं वाच.

दिवसाढवळ्या केलं. रात्री छिन्नीचा आवाज ऐकला तर कुत्रीसुद्धा गोळा होतात, दिवसा पाथरवटाकडे कोण बघतं? भर उन्हात दगडापुढे गुडघे टेकून बसलो. समोरच्या खळ्यांवर मळणी चाललेली, सगळ्यांना मी दिसत होतो. आणि घरातून तुझ्या मागाची फणी ऐकू येत होती. ठक, ठक, ठक. ताई, आवाज इतका जवळ होता की हाक मारली असती तर तू ओ दिली असतीस. मेलेल्या बहिणीला हाक कशी मारायची?

मुखिया आलाच. "काय मेनेआस, बऱ्याच वर्षांनी! काय काढतोयस?"

मी छिन्नीवरची धूळ फुंकली. मग म्हणालो, "शब्द काढतोय. ताई गेली."

फणी वाजतच होती. त्यानं घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "कधी?"

"हिवाळ्यात."

"हां, हां. आठवलं. थंडी फार होती." मग खळ्याकडे तोंड करून ओरडला, "ऐकलंत का रे? आपली डोम्ना हिवाळ्यात वारली!"

सगळे थांबले. कुणी तरी म्हणालं, "बिचारी!" एक म्हातारा म्हणाला, "मग आज सकाळी पाणी कुणी नेलं?" मुखियाच्या बायकोनं त्याला दाताळ्याचा दांडा टोचला. "तिच्या भुतानं नेलं. पैसे दिले ना? मग गप बस." पुन्हा मळणी सुरू झाली. मला रडायला आलं, आणि ते बरंच झालं, बहीण गेलेल्या माणसासारखा दिसलो.

शब्द निघाला. जागा नीट घासली, वर धूळ चोळली, जुनी दिसावी म्हणून. शेवटच्या ठोक्याला छिन्नी निसटली आणि डाव्या अंगठ्यात घुसली. रक्त आईच्या नावावर पडलं. ते पुसायलासुद्धा माझ्याकडे पाणी नव्हतं, बाहीनं पुसलं.

मी स्वतःला समजावलं, पाथरवटाला अशा जखमा रोजच्या. पण घरी आलो तर किरिल्ला अंथरुणात. मी नव्हतो तेव्हा पायरीवरून घसरली. रक्त जातंय. सुईण म्हणते, पडून राहा, हलू नका, बघू. बाळ पूर्वी रात्रंदिवस लाथा मारायचं, आता क्वचित हलतं. किरिल्ला मलाच धीर देते, "अहो, पाय माझा निसटला, त्यात तुम्ही का मान खाली घालून बसलाय?" तिला काय सांगू? अंगठा सुजून काळा पडलाय, हातोडी धरवत नाही, तिकडे माझं लक्षही नाही. मला फक्त ती ओळ दिसते. "त्याच्या लेकरांचा." आणि तुझं वाक्य, शाप खरा होईल, मी काही करू शकणार नाही.

ताई, तुमच्यात शाप उतरवायची काही रीत असेल तर कर. उपास, प्रार्थना, काहीही. आई तुझं ऐकायची. मी केलं ते तुझ्यासाठी केलं असं तिला सांग. मला भीती वाटते. शोधकाची नाही आता, तिची.

मेनेआस


सोआत्रा,
द्राक्षं उतरायला आलीत

मेनेआस,

खाली नाव घालणार नाही. मेलेल्या बायका पाट्या लिहीत नाहीत.

आधी हे ऐक. तू आलास ते मला कळलं होतं. तुझी छिन्नी मी कुठेही ओळखेन, दोन ठोके हळू, एक जोरात. मी फणी थांबवली नाही. थांबवली असती तर सगळ्यांनी घराकडे पाहिलं असतं. आणि थांबवली असती तर मी दार उघडून बाहेर आले असते, तुझी मानगूट धरायला किंवा तुला जवळ घ्यायला, कशासाठी ते अजून मला ठरवता आलेलं नाही. त्या दिवशीचं कापड बघ कधी तरी, वीतभर भाग इतका घट्ट विणला गेलाय की त्यातून मिठाचा कण गळणार नाही.

तो आला. तू म्हणालास तसाच, सर्दी झालेला. मुखियाचा पोरगा खळ्यावरून पळत आला तेव्हा घोडे कोरड्या ओढ्याच्या वळणावर होते, लपायला जागा उरली नव्हती. मुखिया म्हणाला, "बाई, विहिरीत." मी म्हटलं, "तिथे नाही." तो म्हणाला, "मग चौकात जा, त्याच्यासमोर." विहीर खोदणाऱ्यांनी आत बसायला कोनाडा ठेवलाय, अर्ध्यावर. मला चऱ्हाटाला बांधून त्यांनी खाली सोडलं. रहाट कुरकुरत होता, उजेड लहान लहान होत गेला. बाबा याच वाटेनं गेले. मी कोनाड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि खाली बघितलं नाही.

वरचं सगळं ऐकू येत होतं. विहीर आवाज जसाच्या तसा खाली आणते.

"ही डोम्ना कोण?"

"हिवाळ्यात गेली, सरकार. थंडी फार होती."

मग मुखियाच्या बायकोनं गळा काढला. मेनेआस, काय रडली ती बाई! माझ्या हातच्या कापडाचं, माझ्या मसुराच्या आमटीचं, माझ्या तोंडाळपणाचंसुद्धा कौतुक केलं. जिवंतपणी माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मला खाली बसून माझ्यासाठी रडू आलं, आणि मी झग्याची बाही तोंडात कोंबली.

शोधक म्हणाला, "बरं. घोड्यांना पाणी पाजा." पोहरा खाली आला. माझ्या खांद्याला घासून गेला, भरून वर जाताना पुन्हा घासला, थंड पाणी मानेवर सांडलं. कितीदा गेला आला, मी मोजलं नाही. माझा हात लागला आणि पोहरा डचमळला तर वर कळेल, एवढंच मनात होतं. शेवटी तो स्वतः प्याला. म्हणाला, "पाणी चांगलं आहे तुमचं." मुखियानं त्याच्याकडून दामदुप्पट पैसे घेतले, ते नंतर कळलं.

मी घाबरले होते. लिहूनच टाकते एकदाचं. त्या दिवशीच नाही, तुझी पहिली पाटी आली तेव्हापासून. अडसर कुत्र्यांसाठी नव्हता. बाकीच्या बाया डोंगरात गेल्या तेव्हा मी कापडासाठी राहिले नाही, वाटेत पकडतील म्हणून पाय निघेना. आणि तू यायचं म्हणालास तेव्हा तुझ्याच मानेवर कुणी तरी हात ठेवील या भीतीनं मी तो शाप तुझ्यावर उगारला. कुत्र्याला हाकलायला काठी दाखवतात, तसा. तुला हाकलायचं होतं, मारायचं नव्हतं. तू आलासच. आणि ती काठी तुझ्या घरात जाऊन बसली.

मला वर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मुखियाच्या बायकोनं दारू गरम करून आणली. "घे गं, आता मेलीच आहेस, मेलेल्याला कसलं पथ्य?" मी दात आवळले, तुझ्या पापाससारखे. ती थकून म्हणाली, "मेलीस तरी हट्ट जात नाही!" आणि मला घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी बसवलं.

मग गुर्दोस तुझी पाटी घेऊन आला.

शाप उतरवायची रीत विचारतोस. आमच्यात तशी रीत नाही. प्रार्थना केली, उपास केला, मनाला काही पटेना. मग मी आईला ओळखते तशी विचार करायला लागले. आईनं काय म्हटलंय? दारू पिणाऱ्या कुणी हात लावला तर. कुणी म्हणजे कुणीही. तू एकटा असलास तर तुला धरणं तिला सोपं आहे, तू घर सोडून गेलेला, दुसऱ्यांच्या पेल्यातून पिणारा. पण दोघं असली तर?

काल दुपारी मी मुखियाच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला म्हटलं, "दे." ती आधी समजलीच नाही. मग तिनं पेला भरला, आणि बाजूला बघत उभी राहिली, माझी लाज राखायला. मेनेआस, सम्राटाच्या हुकमासाठी मी प्याले नाही, विहिरीतून निघाले तेव्हा थंडीसाठी प्याले नाही. वास आला आणि बाबांचं तोंड आठवलं. सगळा पेला प्याले, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की नुसते ओठ लावले. आंबट होती. इतकी वर्षं मला वाटत होतं गोड असेल, बाबांनी तिच्यासाठी आम्हाला टाकलं म्हणून.

आता मी ना तुमच्यातली, ना आमच्यातली. डोंगरातल्या बाया मला पंगतीला घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. त्याचं मला वाईट वाटतं. लपवत नाही, रात्रभर रडले.

पण आधी दगडापाशी गेले. तुझ्या रक्ताचा डाग "अम्मिया"च्या शेवटच्या अक्षरात अजून आहे. माझ्या नावावरची घासलेली जागा आहे. दोन्ही तळहात मी दगडावर ठेवले, तोंडाला वास असतानाच, आणि मोठ्यानं म्हटलं, "आई, बघ. मीही प्याले आणि मीही हात लावला. आता हिशेब मागायचा तर दोघांकडून माग. त्याच्या बाळाकडून घेणार असशील तर आधी माझ्याकडून घे, मी थोरली. आणि दोघांनाही घेतलंस तर तुझ्या दगडाशी दिवा लावायला कोण उरतं, ते तूच बघ."

तर तो शाप आता तुझ्या एकट्याच्या डोक्यावर नाही. अर्धा माझ्याकडे आहे. तू अंगठ्याला मध लाव आणि बांधून ठेव. किरिल्लाला उठू देऊ नकोस, आणि तिला सगळं सांग, एकट्यानं घाबरत बसू नकोस. मी तेच करून बघितलं, त्याचा काही उपयोग नाही. बाळ झालं की गुर्दोसच्या म्होरक्या खेचराच्या गळ्यात त्या लोकरीचा धागा बांध. तो रस्त्यानं येताना मला लांबूनच दिसेल. नाही दिसला तर मी समजेन, आणि पुन्हा दगडापाशी जाईन.

मी बराच वेळ तिथे हात ठेवून उभी होते. ऊन होतं, मेंढ्या येऊन अंग घासून गेल्या. आई काही बोलली नाही. आणि तुला ठाऊक आहे, रागावली की गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती.